वाचलेला वेळ कुणाचा?

१५ फेब्रुवारी २०१९ रोजी पहिली वंदे भारत एक्स्प्रेस नवी दिल्लीहून वाराणसीला निघाली. दुसरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वैष्णोदेवीच्या पायथ्याशी असलेल्या कटऱ्याला गेली. महाराष्ट्रात १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून एकाच दिवशी दोन गाड्यांना निशाण दाखवले गेले: एक साईनगर शिर्डीची, दुसरी सोलापूरची, म्हणजे पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरच्या वाटेवरची. वेगळे इंजिन नसलेल्या, डब्यांखालच्या मोटारींनी पळणाऱ्या या विजेच्या गाड्यांचा ताफा असा आरंभापासून तीर्थक्षेत्रांशी बांधला गेला, आणि एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. वातानुकूलित डब्यात बसून साडेसहा तासांत सोलापूर गाठायचे, याला यात्रा म्हणायचे का? प्रश्न मनापासूनचा आहे, पण त्याचे उत्तर फार कठीण नाही. शरीराला हट्टाने छळणाऱ्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस ठरवले आहे. कष्ट हेच पुण्याचे माप असते, तर गुडघे गेलेल्या म्हातारीला, आजाऱ्याला, तान्हे मूल काखेत असलेल्या बाईला देवाकडे जाण्याची वाटच उरली नसती. वारीत चालण्याला मोठे स्थान आहे ते चालताना होणाऱ्या नामस्मरणामुळे आणि सोबतीमुळे. पाय दुखणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता. खुर्ची मऊ आहे म्हणून यात्रा बाटत नाही. माझ्या मते या गाड्यांनी उभा केलेला खरा धर्मप्रश्न डब्याच्या आत नाही, तो रुळांवर आहे: ही गाडी आपल्या प्रवाशांचा जो वेळ वाचवते, तो येतो कुठून?

याचे उत्तर समजायला रेल्वेचे कामकाज थोडे जवळून पाहावे लागते. रस्त्यावर मोटार दुसरीला बाजूने ओलांडून जाऊ शकते, रुळांवर तशी सोय नाही. दोन सिग्नलांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा सुरक्षिततेचा पाया आहे. मागून येणाऱ्या जलद गाडीला पुढे काढायचे, तर पुढच्या संथ गाडीला एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, घ्यावे लागते, आणि जलद गाडी निघून जाऊन पुरेसे अंतर पडेपर्यंत तिथेच उभे ठेवावे लागते. तिचे थांबणे जलद गाडी दिसण्याच्या बरेच आधी सुरू होते आणि ती दिसेनाशी झाल्यावरही लगेच संपत नाही. एकेरी मार्गावर तर समोरून येणाऱ्या गाडीसाठीही थांबणे आले. कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर त्याचा बहुतेक भाग आजही एकेरी आहे. २०२२ मध्ये त्याचे विद्युतीकरण संपले आणि २७ जून २०२३ ला मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. ‘गाडी क्रॉसिंगला उभी आहे’ हे वाक्य कोकणात पोरासोरांनाही पाठ आहे. दिवा-सावंतवाडीसारख्या गाडीतल्या माणसाला हेही ठाऊक असते की दोन गाड्यांपैकी थांबायचे कुणी, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले आहे.

म्हणून नव्या गाड्यांच्या वेगाचे दोन भाग करून पाहिले पाहिजेत. एक भाग खरोखरच नव्याने निर्माण झालेला आहे. डब्यांखालीच मोटारी असल्याने ही गाडी स्टेशनातून सुटताच झपाट्याने वेग घेते. भोर घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे इतर गाड्यांना मागून रेटा द्यायला बँकर इंजिने जोडावी लागतात, वंदे भारत त्यांच्याशिवाय चढते. बँकर जोडण्या-सोडण्यात जाणारा वेळ इथे सरळ वाचतो आणि तो कुणाच्याही वाट्यातून आलेला नसतो. अभियंत्यांच्या बुद्धीची आणि पेरांबूरच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांची ती कमाई आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. वेगाचा दुसरा भाग अग्रक्रमातून येतो. तिथे नवा वेळ निर्माण होत नाही, एका डब्यातून उचलून तो दुसऱ्या डब्यात ठेवला जातो. गाडी ठरल्या वेळी मडगावला पोचते, तेव्हा तिच्या वक्तशीरपणात किती मिनिटे मोटारींची आणि किती मिनिटे लूप लाइनवर उभ्या राहिलेल्यांची, हा हिशेब कुठल्याही वेळापत्रकात छापलेला नसतो.

भारतातल्या धर्मविचाराकडे या हिशेबासाठी एक कसोटी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत यमांच्या यादीत अहिंसा आणि सत्य यांच्या लगेच मागोमाग अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, येते. जैनांच्या पाच व्रतांत ते आहे, आणि बौद्धांच्या पंचशीलातले दुसरे शील तर ही गोष्ट फार नेमकी मांडते: जे दिलेले नाही ते घेऊ नये, एवढेच ते सांगते. वस्तूची किंमत किती, मालक सावध होता की नाही, कायद्याने अडवले होते की नाही, यांतले काहीच ते विचारत नाही. गीतेचा तिसरा अध्याय याच विचाराला व्यापक करतो: सर्वांच्या देण्याघेण्यातून चालणाऱ्या चक्रातून जो उपभोग घेतो आणि परत काही घालत नाही, त्याला तिथे चोरच म्हटले आहे. परंपरेने हा नियम धान्य, गुरे, धन यांना लावला, कारण तेव्हा हिरावून घेण्यासारख्या वस्तू त्याच होत्या. माणसाची मिनिटे मोजून एकाकडून दुसऱ्याकडे वळवणारी यंत्रणा रेल्वेच्या वेळापत्रकासोबत आली. आयुष्य मिनिटांचेच बनलेले असते, आणि गेलेले धान्य पुढच्या हंगामात तरी पिकते. तेव्हा अस्तेयाचा नियम वेळेला लावण्यात काही ओढाताण आहे असे मला वाटत नाही. उलट तो सर्वांत आधी वेळेलाच लागू व्हायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की, वीस-पंचवीस मिनिटांच्या खोळंब्याला चोरीसारखा शब्द लावणे अतिरेक आहे. पण मिनिटाची किंमत सर्वांना सारखी नसते, आणि ती बहुधा आपल्या समजुतीच्या उलट असते. कंपनीच्या बैठकीला जाणारा माणूस वाटेतून फोन करून बैठक अर्धा तास पुढे ढकलू शकतो. रोजंदारीवर जाणाऱ्याचा अर्धा तास म्हणजे खाडा. पॅसेंजर उशिरा आली की तालुक्याच्या स्टेशनाबाहेरची शेवटची एसटी निघून गेलेली असते, आणि मग गावापर्यंतचे अंतर रिक्षाच्या मनमानी भाड्याने किंवा अंधारात चालत कापावे लागते. जलद गाडीतल्या माणसाचा वेळ अधिक ‘मोलाचा’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण त्याचा पगार मोजत असतो. ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याच्या हातून गेलेले मिनिट त्याला अधिक महाग पडते. अस्तेयाचा विचार करणाऱ्याने चोरीचा माल तोलताना घेणाऱ्याला काय मिळाले यापेक्षा ज्याचे गेले त्याचे काय झाले, हे पाहावे.

या विषयावर महात्मा गांधींना ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्या लेखनात रेल्वेवर दोन वेगवेगळी मते सापडतात. १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज’मध्ये ते रेल्वेला मुळातूनच नाकारतात. तिच्यामुळे रोगराई पसरते, धान्य दूरच्या बाजारांकडे ओढले जाऊन दुष्काळ वाढतात, पूर्वी फार कष्टाने गाठावी लागणारी तीर्थस्थाने दुर्जनांनाही सोपी होतात. चांगली गोष्ट संथपणेच चालते, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद मला मान्य करता येत नाही. सोलापूर-लातूरकडून परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणारा रुग्ण, परीक्षेसाठी मुंबईला जाणारी मुलगी, आईचे शेवटचे दर्शन घ्यायला धावणारा मुलगा, यांच्यासाठी वेग म्हणजे चांगुलपणाच आहे. दुष्काळात रेल्वेने धान्य बाहेर नेले, तसे ते आतही आणले. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून पाणी पोचले तेही रेल्वेनेच. वेग स्वतः पापी किंवा पुण्यवान नसतो. पण भारतात परतल्यावरच्या अडीच वर्षांतला पाव भागाहून अधिक काळ तिसऱ्या वर्गातून फिरलेले गांधी १९१७ मध्ये वर्तमानपत्रांना जे पत्र लिहितात, त्यातला मुद्दा अगदी वेगळा आहे. तिथे रेल्वे असण्याबद्दल तक्रार नाही. बावीस माणसांच्या डब्यात पस्तीस माणसे कोंबली जातात, पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक असले तरी तिसऱ्या वर्गाला त्या प्रमाणात सोय मिळत नाही, आणि वरच्या वर्गांच्या वाढत्या चैनीचा खर्च तिसरा वर्गच भरतो, असे ते हिशेबाने दाखवतात. हे दुसरे गांधी मला अधिक खोल वाटतात. यंत्र असावे की नसावे या वादातून बाहेर पडून ते यंत्राच्या खातेवहीकडे बोट दाखवतात.

१९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी अस्तेयाचा अर्थ आणखी ताणला: गरज नसताना घेतलेली वस्तू, मालकाच्या परवानगीने घेतली तरी, चोरीच. योगायोग असा की त्याच वर्षी, १ जूनला, पुण्याला विजेवर धावणारी दख्खनची राणी सुरू झाली होती. घाटातले विद्युतीकरण नुकतेच पुरे झाले होते आणि या गाडीचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले होते. तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो जून १९५५ मध्ये. आज तिच्यातून पासधारक नोकरदार रोज ये-जा करतात, आणि जलद गाड्यांचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात: नवी गोष्ट आधी थोड्यांना मिळते, मग झिरपत सगळ्यांपर्यंत जाते. इतिहासातून मला मात्र दुसरेच दिसते. झिरपायला २५ वर्षे लागली, आणि त्यांतली ८ स्वातंत्र्यानंतरची. त्या पाव शतकात घाटावरचा तो मोक्याचा वेळ कुणाचा होता आणि कुणाच्या गाड्या बाजूला उभ्या होत्या? पुढे सगळ्यांना मिळेल, या आश्वासनाने मधल्या पिढीचे गेलेले परत येत नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप पैशाचा आहे. जलद गाडीचा प्रवासी जास्त भाडे देतो. त्या भाड्यातून अग्रक्रम विकत घेतला गेला, मग तो न दिलेला कसा? हे म्हणणे तपासायचे, तर रेल्वेचे पैसे कुठून येतात ते पाहावे लागते. प्रवासाचा एकूण खर्च पाहिला, तर तिकिटांतून निम्म्याहून थोडी अधिकच रक्कम वसूल होते, असे रेल्वे मंत्रालय स्वतः वर्षानुवर्षे सांगत आले आहे. उरलेले मालवाहतुकीतून भरून निघते, आणि त्या मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. म्हणजे वीजबिल भरणारा, सिमेंटची गोणी घेणारा, रेशनचे धान्य नेणारा प्रत्येक माणूस, आयुष्यात एकदाही जलद गाडीत न बसता, रुळांचा काही खर्च सोसत असतो. मार्ग, पूल, बोगदे सार्वजनिक पैशातून झाले. कोकणात तर त्यासाठी शेतकऱ्यांनी आपल्या खाजणाच्या आणि भाताच्या जमिनी दिल्या. महाग तिकीट घेणारा माणूस खुर्चीचे, थंड हवेचे आणि जेवणाचे पैसे नक्कीच देतो. ज्याची पॅसेंजर बाजूला उभी राहते त्याला मात्र त्यांतला एकही पैसा मिळत नाही, त्याची संमतीही कुणी विचारत नाही. विक्रेता आणि मालक वेगवेगळे असतील, तर नुसती किंमत चुकवल्याने व्यवहार शुद्ध होत नाही. रेल्वे इथे दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट विकते आहे.

आता उलट बाजूने येणारा आक्षेप. दुसऱ्याला थांबवणे म्हणजे चोरी असेल, तर रुग्णवाहिकाही चोर ठरेल, आणि ज्येष्ठ-आषाढात पालख्या पुण्यातून जाताना तासन्‌तास रस्ते बंद राहतात, तेव्हा वारीही. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्याने अग्रक्रम केव्हा न्याय्य असतो हे शोधायला भाग पडते. रुग्णवाहिकेला वाट देताना आपण तिच्यातल्या माणसाची श्रीमंती पाहत नाही. उद्या त्या जागी आपण असू, आणि तेव्हाही वाट मिळेल. गरज हा तिथला आधार आहे. पालखीचा आधार वेगळा आहे. अडकून पडलेला कुणीही माणूस वाहन बाजूला लावून दिंडीत चालू लागू शकतो. तिथे तिकीट नाही, आरक्षण नाही, आणि रस्त्याकडेचे लोक स्वतःहून पाणी, फळे, चपला-दुरुस्ती, पाय चोळणे असे बरेच काही घेऊन उभे असतात. तो वेळ बहुतांशी दिलेला असतो. गरज किंवा सर्वांना मोकळे दार, या दोनांपैकी एक तरी असेल तर अग्रक्रम अस्तेयाच्या कसोटीला उतरतो. वंदे भारतच्या डब्यात पहिली गोष्ट कधीमधी असते, आणि दुसरी तिकिटाच्या दरामुळे नसते.

तरीही मी या गाडीला चोर म्हणून मोकळा होणार नाही. सामाईक जगात दुसऱ्याचे काहीच न घेता जगणे कुणालाच शक्य नाही. चालत पंढरपूरला जाणाराही दुसऱ्याने राखलेल्या रस्त्यावरून चालतो. हे ओळखूनच आपल्या परंपरेत अस्तेयासोबत ऋणाची कल्पना आली असावी. माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो, हे सर्वांना माहीत असते. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे, मनुष्यांचे ऋण घातले आहे, आणि आतिथ्य व अन्नदान यांतून ते फेडायचे असते. चोर आणि ऋणको दोघांच्याही हातात दुसऱ्याचीच वस्तू असते. ऋणको हिशेब ठेवतो, धनकोला ओळखतो आणि परतफेडीची तजवीज करतो. चोर यांतले काहीच करत नाही. या अर्थाने नव्या गाड्यांचा नैतिक दर्जा त्यांच्या वेगाने ठरणार नाही. त्यांच्यामागे खातेवही आहे की नाही, यावर तो ठरेल.

त्या खातेवहीची जुनी पाने उघडली, तर तीही कोरी नाहीत. भोर घाटाचा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला आणि त्यात हजारो मजूर पटकीने, तापाने, सुरुंगाच्या अपघातांनी मेले. त्यांची नावे कुठल्या बोगद्याच्या तोंडावर कोरलेली नाहीत. मुंबईला जलविद्युत पुरवणाऱ्या टाटांच्या कंपन्यांचे ग्राहक म्हणजे गिरण्या, ट्राम आणि पुढे विजेवर धावू लागलेल्या लोकल. त्यांतल्याच एका प्रकल्पाच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्यापायी वर्षानुवर्षे तुरुंग भोगला. आज तारेतून येणारी वीज बहुतांशी कोळशाची आहे. डब्यात धूर दिसत नाही, कारण तो चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्यांतून आणि तशाच इतर केंद्रांतून निघतो आणि तिथल्या माणसांच्या छातीत जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांकडचा कोळशाचा साठा आटला, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना मार्ग मोकळा मिळावा म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. वीज सर्वांनाच हवी होती आणि निर्णय समजण्यासारखा होता. पण प्रवास सोडून द्यावा लागला तो या रद्द गाड्यांवर अवलंबून असलेल्यांनाच. विद्युत गाडी डिझेलच्या गाडीपेक्षा निःसंशय चांगली आहे, आणि कोळशाच्या जागी सूर्य-वारा आला की आणखी चांगली होईल. मात्र तिला ‘स्वच्छ’ म्हणताना धूळ कुठे नेऊन टाकली, हे सांगणे हाही हिशेबाचाच भाग आहे.

ऋण फेडायचे कसे, याचे उत्तर सुदैवाने त्याच यंत्रात दडलेले आहे. झटकन वेग घेणे आणि झटकन थांबणे हा या गाड्यांचा मोठा गुण. पण ज्या गाडीला दोनशे किलोमीटर थांबायचेच नाही, तिला या गुणाचा उपयोग एकदाच होतो. जिला दर आठ-दहा किलोमीटरला थांबायचे आहे, तिला प्रत्येक स्टेशनात होतो. लोकांची जास्तीत जास्त मिनिटे वाचवणे हेच उद्दिष्ट असते, तर हे तंत्र सर्वांत आधी गावोगाव थांबणाऱ्या गाडीला मिळाले असते. भारतात ते तसेच आलेही होते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेलेली देशातली पहिली विद्युत गाडी डब्यांखाली मोटारी असलेली उपनगरी गाडी होती, आणि वंदे भारतचे तत्त्व मुळात त्या लोकलचेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अहमदाबाद-भूज मार्गावर याच घराण्यातली, अनारक्षित प्रवाशांची नमो भारत रॅपिड रेल सुरू झाली. डिसेंबर २०२३ पासून दोन्ही टोकांना विद्युत इंजिन लावलेल्या, बिगरवातानुकूलित अमृत भारत गाड्या धावू लागल्या, आणि २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांचे जनरल डबे वाढवायलाही रेल्वेने सुरुवात केली. या गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यांना दुय्यम, सवडीने करायचे काम मानले जाऊ नये. पहिले कर्ज त्यांचेच आहे. ब्रेक लावताना ही गाडी स्वतःच्या गतीतून वीज तयार करून तारेत परत सोडते आणि जवळपास चढावर असलेली दुसरी गाडी ती वापरू शकते. इंजिनिअरांनी परतफेड यंत्रात घालून दाखवली; वेळापत्रक आखणाऱ्यांनाही ती अशक्य असू नये.

देशाच्या प्रतिमेचा मुद्दा राहतो. स्वदेशी, देखणी, वक्तशीर गाडी ही साऱ्या समाजाची उमेद वाढवते, तिच्याकडे लूप लाइनच्या खिडकीतून पाहणाऱ्यालाही ती आपली वाटते, असे म्हणतात. आणि ते खोटे नाही. अभिमान हे गरिबाचेही धन आहे. म्हणूनच त्या अभिमानाचा वापर त्याच्या खोळंब्याची भरपाई म्हणून होऊ नये. व्यवहारातली अडचणही खरी आहे: जलद गाडी दहा मिनिटे रखडली तर तिच्यामागच्या अनेक गाड्यांचे गणित कोलमडते, असे रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस सांगेल. पण पॅसेंजर रखडली की तिच्यामागचे गणितही कोलमडतेच. फक्त ते एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या हजेरीपटावर आणि मुकादमाच्या वहीत कोलमडते, म्हणून कंट्रोलच्या पडद्यावर उमटत नाही. ते उमटावे यासाठी दोन गोष्टी आजही करता येतील, त्यांना नवे रूळ लागत नाहीत. प्रत्येक जलद गाडीमागे इतर गाड्यांतल्या प्रवाशांची किती मिनिटे गेली, हे रेल्वेने दर महिन्याला जाहीर करावे. आणि कोकणासारख्या एकेरी मार्गावर, दुहेरीकरण होईपर्यंत, एक मर्यादा आखून द्यावी: पॅसेंजर आधीच अर्धा तास उशिरा धावत असेल, तर पुढच्या क्रॉसिंगला वंदे भारतने थांबायचे. तिचे प्रवासी मडगावला दहा मिनिटे उशिरा पोचतील. हा नियम तिकिटावर आधीच छापलेला असला, तर ती दहा मिनिटे त्यांनी दिलेली असतील.